ऐकू न आलेला सूर: फ्लाइट ४०१ चा प्रकरण अभ्यास

रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं ३८ सेकंद. कॉकपिटमध्ये अर्धा सेकंद एक सूर वाजला. विमान ठरवलेल्या उंचीपासून २५० फूट ढळलं की वाजावा, म्हणून तो बसवलेला होता. तो वाजला, कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रण यंत्राने तो टिपला आणि पुढे चौकशी करणाऱ्यांनी तो ऐकलाही. त्या क्षणी कॉकपिटमध्ये असलेल्या माणसांपैकी मात्र कोणीच त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर ९४ सेकंदांनी विमान जमिनीवर आदळलं.

तारीख २९ डिसेंबर १९७२. ईस्टर्न एअर लाइन्सची फ्लाइट ४०१, न्यूयॉर्कहून मायामीला निघालेलं लॉकहीड एल-१०११ ट्रायस्टार. विमानात १७६ माणसं होती. त्यातली १०१ गेली, ७५ वाचली. तिन्ही इंजिनं व्यवस्थित चालत होती. हवा स्वच्छ होती. कप्तानाच्या खात्यावर २९ हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं. बिघडला होता तो एक दिवा.

लक्ष, अवधान, मनाची गाळणी या विषयावर बोलताना बहुतेक वेळा प्रयोगशाळेतले प्रयोग पुढे केले जातात. मी हे प्रकरण निवडलं त्याचं कारण वेगळं आहे. इथे ध्वनिमुद्रण आहे आणि विमानाच्या हालचालींची नोंदही आहे. जगात काय घडत होतं आणि माणसांच्या भानात काय होतं, या दोन्ही गोष्टी सेकंदासेकंदाला शेजारी ठेवून पाहता येतात. मनाची गाळणी काम करताना बाहेरून दिसावी, असे प्रसंग फार थोडे असतात.

दिवा

११ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास विमान मायामीच्या धावपट्टीकडे वळलं होतं. चाकं खाली सोडली, पण पुढचं चाक जागेवर बसून कुलूपबंद झाल्याचं सांगणारा हिरवा दिवा लागला नाही. याचे अर्थ दोनच होते. एक तर चाक खरंच अडकलंय, किंवा दिवा गेलाय. पहिली शक्यता खरी असेल तर उतरताना विमान नाकावर आपटणार. त्यामुळे उतरणं रद्द करून पुन्हा वर जाणं अगदी योग्य होतं. नियंत्रकाने त्यांना २,००० फुटांवर राहून पश्चिमेकडे जायला सांगितलं.

विमान सहवैमानिक उडवत होता. ११ वाजून ३६ मिनिटांनी कप्तानाने त्याला ऑटोपायलट लावायला सांगितलं. हाही शहाणपणाचाच निर्णय. मग सहवैमानिकाने दिव्याचं झाकण काढलं. ते परत बसवताना अडकलं, आणि आता ते पुढेही जाईना, मागेही येईना. कप्तान आणि सहवैमानिक त्या झाकणाशी झटत बसले. फ्लाइट इंजिनिअरला कप्तानाने कॉकपिटच्या खालच्या यंत्रकक्षात पाठवलं. तिथल्या एका दर्शिकेतून चाक डोळ्यांनी पाहता येतं. त्याच विमान कंपनीचा देखभालीचा एक जाणकार कॉकपिटमध्ये बसून प्रवास करत होता, तोही पुढे त्याच्या मदतीला गेला.

अपघातानंतर अवशेष तपासले तेव्हा कळलं की पुढचं चाक खाली आलेलं होतं आणि नीट कुलूपबंदही होतं. हिरव्या दिव्यातले दोन्ही बल्ब जळलेले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून १९७३ मध्ये अहवाल दिला. कोणीतरी, बहुधा कप्तान, मागे वळून बोलताना सुकाणूच्या दांड्यावर भार पडला असावा, असं त्यातून दिसतं. या विमानातला ऑटोपायलट असा होता की दांडा पुरेशा जोराने ढकलला तर उंची धरून ठेवण्याचं काम तो सोडून द्यायचा. बाकीचं काम चालू राहायचं. कप्तानाच्या बाजूच्या संगणकाला त्यासाठी १५ पौंड जोर पुरत होता, सहवैमानिकाच्या बाजूच्या संगणकाला २० पौंड लागत होते. म्हणजे सहवैमानिकासमोरच्या पाटीवर ‘उंची धरलेली आहे’ असं दिसत असताना प्रत्यक्षात ती सुटलेली असणं शक्य होतं.

विमान खाली येऊ लागलं. अगदी हळू.

शरीराला का कळलं नाही

इथे थोडं थांबायला हवं. ‘विमान खाली जातंय हे वैमानिकाला जाणवू नये?’ असा प्रश्न कुणालाही पडेल.

जाणवण्यासारखं फार थोडं होतं. तोल सांभाळणारं आपल्या कानातलं इंद्रिय वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजतं. एकसारख्या वेगाने खाली जाणं आणि एकाच उंचीवर राहणं त्याला सारखंच वाटतं. बदल फार सावकाश झाला तर तोही त्याच्या नोंदीत येत नाही. बाहेर चंद्र नसलेली रात्र होती आणि खाली एव्हरग्लेड्सची दलदल. तिथे ना वस्ती, ना दिवे, ना क्षितिजाची रेघ. खिडकीबाहेर एकसारखा काळोख होता, आणि २,००० फुटांवरचा काळोख ५०० फुटांवरच्या काळोखापेक्षा वेगळा दिसत नाही.

म्हणजे गाळणीचा पहिला थर मनाच्या अलीकडेच लागलेला असतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींहून अधिक पेशी असतात, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाख. बारीक तपशील दिसतो तो पडद्याच्या मधल्या इवल्याशा खळग्यातून, आणि त्याची व्याप्ती साधारण २ अंशांची. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाची रुंदी जेवढी, तेवढंच जग एका वेळी आपल्याला स्पष्ट दिसतं. बाकी सगळं स्पष्ट असल्याची खात्री मेंदू आपल्याला देतो. सेकंदाला सुमारे तीनदा डोळे उडी मारतात, आणि पुढची उडी कुठे मारायची हे ठरतं ‘आत्ता मी काय शोधतोय’ यावरून.

त्या रात्री दोन जोड्या डोळे एका अडकलेल्या झाकणावर उड्या मारत होते. उंचीमापक तिथून हातभर अंतरावर होता आणि बरोबर आकडे दाखवत होता.

गृहीत

पण डोळे उंचीमापकाकडे का वळले नाहीत? मला वाटतं, या प्रकरणाचं मर्म इथे आहे आणि ‘लक्ष विचलित झालं’ एवढ्यावर ते संपत नाही.

मन बाहेरून येणाऱ्या माहितीची वाट पाहत रिकामं बसलेलं नसतं. जग कसं आहे याचं एक गृहीत ते आधीच धरून चालतं आणि येणाऱ्या माहितीतलं त्या गृहीताला जुळणारं खर्ची टाकून मोकळं होतं. जिथे अनिश्चितता आहे तिथे लक्ष जातं, जिथे प्रश्न मिटलेला आहे तिथून ते निघून जातं. यात चूक काहीच नाही. अशी विभागणी नसती तर एक वाक्य वाचणंही जमलं नसतं.

११ वाजून ३६ मिनिटांनी ऑटोपायलट लावला तेव्हा उंचीचा प्रश्न मिटला. उघडा राहिलेला प्रश्न एकच, चाकाचा. त्यामुळे चाकाशी संबंधित प्रत्येक गोष्ट, मग ते झाकण असो, खालच्या कक्षात दिसणारा अंधार असो की दर्शिकेतून काही दिसत नसल्याची इंजिनिअरची तक्रार, सगळं गाळणीतून सरळ आत येत राहिलं. उंचीशी संबंधित काहीही आत येण्यासाठी दार ठोठावावं लागणार होतं, आणि जोरात.

सूर

सुराने दार ठोठावलं, पण एकदाच आणि हळू. तो वाजला फ्लाइट इंजिनिअरच्या जागेजवळ, आणि इंजिनिअर खालच्या कक्षात उतरला होता. सोबत लुकलुकणारा पिवळा दिवा असायचा, पण या कंपनीच्या विमानांमध्ये जमिनीपासून २,५०० फुटांच्या खाली तो लागणार नाही अशी रचना होती.

तरीही, सूर कॉकपिटमध्ये घुमला होता आणि तो तिथे असलेल्यांच्या कानांवर पडला असणार. मराठीत आपण ‘कानावर पडणं’ आणि ‘ऐकणं’ हे वेगळं ठेवतो, आणि ‘कान देणं’ त्याहून वेगळं. हा भेद १९५३ मध्ये संशोधक कॉलिन चेरी यांनी प्रयोगात पकडला. दोन कानांत दोन वेगळी निवेदनं ऐकवायची आणि त्यातलं एक मोठ्याने म्हणत जायला सांगायचं. दुसऱ्या कानात काय बोललं गेलं हे लोकांना जवळपास काहीच सांगता येत नव्हतं. आवाज पुरुषाचा होता की बाईचा, एवढं कळायचं. भाषा मध्येच बदलली तरी पत्ता लागत नसे. यावरून १९५८ मध्ये डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी गाळणीची कल्पना मांडली: आवाजाच्या ढोबळ गुणांवरून एक धारा निवडली जाते, बाकीच्या दाराशीच अडतात.

मग १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव पेरलं. साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. दार पूर्ण बंद असतं तर हे शक्य नव्हतं. ॲन ट्रीझमन यांनी म्हणून सुधारणा सुचवली: दुर्लक्षित गोष्ट अडत नाही, क्षीण होते. त्या क्षीण रूपातही जिचा अर्थ आपल्याला अतिपरिचित किंवा जिव्हाळ्याचा आहे, तीच उंबरठा ओलांडते.

पुढे १९९५ पासून निली लावी यांनी ‘भारा’चा विचार मांडला, आणि तो या प्रकरणाला सगळ्यात नेमका लागू पडतो असं माझं मत आहे. हातातलं काम डोळ्यांना सोपं असेल तर उरलेली क्षमता आपोआप इकडेतिकडे सांडते आणि अवांतर गोष्टीही टिपल्या जातात. काम डोळ्यांवर भार टाकणारं असेल तर सांडायला काही उरत नाही. २०१५ मध्ये रावेह आणि लावी यांनी दाखवलं की डोळ्यांवरचा भार वाढवला की लोकांना आवाजही कमी ऐकू येतात. डोळे कामात बुडाले की कान बधिर होतात. अडकलेलं झाकण अंधुक कॉकपिटमध्ये बोटांनी चाचपत बसवणं हे असंच डोळे खाणारं काम होतं.

अनुभवी माणसाचं असं होत नसेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. २०१३ मध्ये ड्रू, वो आणि वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन तपासायला दिले. गाठी शोधायच्या होत्या. एका स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजरेची नोंद तपासली तेव्हा त्यातल्या बहुतेकांचे डोळे थेट गोरिलावर पडून गेले होते. कौशल्यामुळे गाळणी ढिली होत नाही. आपण जे शोधतोय त्यापुरती ती अधिक घट्ट आणि अधिक नेमकी होते.

नियंत्रकाचा प्रश्न

आता त्या रात्रीचा, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा क्षण. ११ वाजून ४१ मिनिटं ४० सेकंद.

जमिनीवर रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या नियंत्रकाला फ्लाइट ४०१ च्या टिंबाशेजारी उंचीचा आकडा दिसला: ९०० फूट. असायला हवे होते २,०००. त्याने विमानाला हाक मारली आणि विचारलं, तिकडे कसं काय चाललंय?

या प्रश्नाकडे नीट पाहिलं की गाळणी एकाच कॉकपिटपुरती नव्हती हे कळतं. नियंत्रकाचंही एक गृहीत होतं. रडार यंत्रणा क्वचित एखाद्या फेरीत चुकीचा आकडा दाखवायची, आणि नियंत्रकांना त्याची सवय झालेली होती. शिवाय विमानाने उंची सोडत असल्याचं काहीच कळवलं नव्हतं. ९०० हा आकडा त्याला दिसला, त्याने त्याला कृती करायलाही लावलं, पण आकड्याचा अर्थ मात्र सौम्य होऊन बाहेर पडला. त्याच्या तोंडून उंचीचा शब्द आला नाही.

आणि दुसऱ्या टोकाला? हाक ऐकू आली. स्वतःच्या विमानाची हाक म्हणजे मोरे यांच्या प्रयोगातलं स्वतःचं नावच, ते उंबरठा ओलांडणारच. प्रश्नही पूर्ण ऐकू आला. पण ‘कसं चाललंय’ हा प्रश्न ज्याला विचारावा त्याच्या मनात जे चाललेलं असेल, त्याच्याबद्दलचाच होऊन जातो. कॉकपिटमध्ये चाललेलं होतं ते चाकाचं. उत्तर त्याचंच आलं: ठीक आहे, आम्हाला वळून परत उतरायला यायचंय. नियंत्रकाने ते ऐकलं, त्याला दिलासा मिळाला आणि त्याने डावीकडे वळण्याची परवानगी दिली.

दोन माणसं बोलली, दोघांनी एकमेकांचं बरोबर ऐकलं आणि दोघांचीही चुकीची समजूत अधिक पक्की झाली. त्या प्रश्नात ‘उंची’ हा एक शब्द असता तर काय झालं असतं, हे कोणीच सांगू शकत नाही. जमिनीपर्यंत ३२ सेकंद उरले होते. त्या उंचीवरून विमान सावरायला तेवढा वेळ पुरला असता.

सात सेकंद

वळण घेताना सहवैमानिकाची नजर उपकरणांकडे गेली. वळायचं तर तिकडे पाहावंच लागतं. म्हणजे गृहीत कोणी मोडलं नाही, काम बदललं म्हणून डोळ्यांचा रस्ता बदलला.

११ वाजून ४२ मिनिटं ५ सेकंदांनी तो म्हणाला, “आपण उंचीचं काहीतरी केलंय.”

कप्तान: “काय?”

सहवैमानिक: “आपण अजून दोन हजारांवरच आहोत ना?”

कप्तान: “अरे, इथे चाललंय काय?”

सहवैमानिकाचा हा प्रश्न मी अनेकदा पुन्हा वाचला आहे. उंचीमापकाचा काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता. काटा खरं सांगत होता. तरीही त्याने काट्याला प्रमाण मानून दांडा मागे खेचला नाही, कप्तानाला विचारलं, आणि विचारलं तेही गृहीताच्या भाषेत: ‘अजून’ दोन हजारांवरच ना? पुरावा आत आल्यावरही जुनं चित्र एका क्षणात पुसलं जात नाही. थोडा वेळ दोन्ही चित्रं एकत्र नांदतात आणि माणूस जुन्याच्या बाजूने एकदा खात्री करून पाहतो. इतर कुठल्याही वेळी ही सवय निरुपद्रवी असते. इथे त्यांच्याकडे सात सेकंद होते. डावा पंख सुमारे २८ अंश कललेल्या अवस्थेत विमान ताशी २२७ मैल वेगाने दलदलीत शिरलं.

दुसरी स्पष्टीकरणं

शवविच्छेदनात कप्तानाच्या मेंदूत गाठ सापडली होती. ही बाब ऐकली की अनेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण मग दोष एका आजारी मेंदूवर टाकता येतो. चौकशीने ही शक्यता तपासली आणि गाठ अपघाताला कारण झाल्याचं मानलं नाही. ते पटण्यासारखं आहे, कारण सूर इतरांनीही ऐकला नव्हता, आणि इतरांच्या मेंदूत गाठ नव्हती.

दुसरं स्पष्टीकरण निष्काळजीपणाचं. मंडळाने संभाव्य कारण म्हणून शेवटच्या चार मिनिटांत उपकरणांवर लक्ष न ठेवणं हेच नोंदवलं, आणि घटनाक्रम म्हणून ते अचूक आहे. पण निष्काळजी हा शब्द इथे बसत नाही असं मला ठामपणे वाटतं. ही माणसं एका धोक्याची अतोनात काळजी करत होती. त्यांच्यापैकी प्रत्येक जण कामात होता, म्हणूनच उंचीला माणूस उरला नाही. चौघांनी आपापलं काम बारकाईने केलं आणि चौघांचं काम एकच होतं. ‘आत्ता उंचीकडे कोण पाहतंय’ हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला असता तर ही गोष्ट तिथल्या तिथे उघड झाली असती. मनात तो उगवणं अवघड होतं, कारण गाळणीने काय वगळलं हे गाळणी कधीच कळवत नाही. वगळलेल्या गोष्टीच्या जागी भोक दिसत नाही, सगळं नीट असल्यासारखंच वाटतं.

नंतर

त्यामुळे ‘अधिक लक्ष द्या’ या सूचनेचा उपयोग थोडाच. उपाय शोधावे लागले ते मनाच्या बाहेर. रडारवरचं विमान सुरक्षित उंचीच्या खाली गेलं तर नियंत्रकाला आपोआप इशारा देणारी यंत्रणा या अपघातानंतर विकसित झाली, म्हणजे ९०० या आकड्याचा अर्थ लावण्याचं ओझं एका माणसाच्या अंदाजावर राहिलं नाही. जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारं उपकरणही अमेरिकेत १९७४ मध्ये मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं करण्याचा निर्णय झाला. ते एकदाच हळुवार सूर काढून गप्प बसत नाही. ते शब्दांत बोलतं, वर खेचा म्हणून सांगतं आणि सांगत राहतं.

पण यंत्राने प्रश्नाची एकच बाजू सुटली. २८ डिसेंबर १९७८ ला, जवळपास बरोबर सहा वर्षांनी, युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट १७३ पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होती. कारण पुन्हा चाकांबद्दलची शंका. सुमारे तासभर सगळे त्याच विवंचनेत होते. फ्लाइट इंजिनिअरने इंधनाचा उल्लेख केला होता, तो कप्तानाच्या कानावर पडलाही होता. इंधन संपून विमान कोसळलं, १८९ पैकी १० जणांचा जीव गेला. इथे सूर नव्हता, माणसाचा आवाज होता, तरी तो उंबरठ्याशीच क्षीण झाला.

१९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधल्या माणसांच्या परस्पर कामावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना त्याचं पद्धतशीर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे ते जगभर गेलं. त्यात कनिष्ठाने शंका कशी स्पष्ट शब्दांत मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची हे शिकवतात. अडचण उद्भवली की तिला हात घालण्याआधी कामं मोठ्याने वाटून घ्यायची, हेही शिकवतात: हा दिवा तू बघ, विमान मी उडवतोय. ज्याने ‘मी उडवतोय’ म्हटलं, त्याने दिव्याकडे पाहायचं नाही.